प्लास्टिक आणि उष्णता : वितळणे वेगळे, जळणे वेगळे

पीव्हीसी पाइप, ठिबकच्या नळ्या आणि प्लास्टिकच्या चटया यांमुळे जळगावचे नाव देशभर पोहोचले आहे. आमच्या अनेक माजी विद्यार्थ्यांची व पालकांची उपजीविका असे कारखाने, केळीची शेती वा भंगाराचा व्यवसाय यांवर चालते. म्हणून ‘प्लास्टिक’ या एकाच नावाचे पदार्थ उष्णतेपुढे किती भिन्न वागतात, हे येथे मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्लास्टिकचे मुख्य वर्ग दोन. पहिल्या वर्गातील रेणूंच्या लांब साखळ्या परस्परांना पक्क्या जोडलेल्या नसतात. उष्णता मिळताच त्या एकमेकींवरून सरकतात, पदार्थ मऊ होतो आणि निवल्यावर पुन्हा घट्ट होतो. दुसऱ्या वर्गात या साखळ्या आडव्या बंधांनी कायमच्या जखडलेल्या असतात. लिओ बेकलँड यांनी १९०७ साली तयार केलेले बेकेलाइट या वर्गातले. कुकरची अशी मूठ अति तापल्यास करपते, पण वितळत नाही.

पहिल्या वर्गातही भेद आहेत. पीव्हीसी सुमारे ८० अंश सेल्सिअसला मऊ होते. म्हणूनच शेतकरी पाइपचे टोक शेकून त्यात दुसरा पाइप बसवतात. ठिबकच्या नळीचे पॉलिथिन प्रकारानुसार १०५ ते १३५ अंशांदरम्यान, तर चटईचे पॉलिप्रॉपिलीन सुमारे १६० अंशांना वितळते. पाण्याच्या बाटलीचे ‘पेट’ वितळण्यास सुमारे २५० अंश लागतात. तथापि ते ७०–८० अंशांतच मऊ पडते, त्यामुळे उकळते पाणी ओतताच बाटली आक्रसते.

जळगाव-धुळ्याच्या ४५ अंशांच्या उन्हात नळ्या वितळत नाहीत. परंतु सूर्याचे अतिनील किरण प्लास्टिक ठिसूळ करतात. ते रोखण्यासाठी ठिबकच्या नळ्यांत काजळी मिसळतात.

खरा धोका जाळण्यात आहे. पीव्हीसी जळताना डोळे व श्वासनलिका पोळणारा हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो, विषारी डायऑक्सिनेही निर्माण होतात. ‘पेट’मध्ये पीव्हीसी मिसळले, तर ‘पेट’ वितळण्याआधीच पीव्हीसीचे विघटन होऊन सारा माल बिघडतो. म्हणून वर्गवारी महत्त्वाची. एक सोपी खूण अशी : पॉलिथिन व पॉलिप्रॉपिलीन सामान्यतः पाण्यावर तरंगतात, पीव्हीसी आणि ‘पेट’ बुडतात.

ही वर्गवारी बहुतांशी आपल्याच कष्टकरी बंधुभगिनी करतात आणि पेटवलेल्या ढिगाचा धूर प्रथम त्यांच्याच वस्तीत शिरतो. तेव्हा जुन्या नळ्या बांधावर पेटवू नयेत, त्या वेगळ्या करून भंगारात द्याव्यात. आणि त्या वेचणाऱ्या हातांना हातमोजे व योग्य दाम मिळावेत, असा आग्रह आपण सर्वांनी धरावा.