पाण्यावरच्या पायऱ्या

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. तरीही पैठणजवळ गोदावरीवर बांधलेल्या जायकवाडी धरणाचा जलाशय ज्यांनी पाहिला आहे, त्यांना मोठ्या पाण्याचा स्वभाव थोडाफार ठाऊक असतो. १९७६ साली उद्‌घाटन झालेल्या या धरणाच्या जलाशयास संत एकनाथांच्या नावावरून नाथसागर असे म्हणतात. तो पूर्ण भरला म्हणजे सुमारे साडेतीनशे चौरस किलोमीटर भूमी व्यापतो. सकाळी आरशासारखे स्थिर दिसणारे त्याचे पाणी वारा सुटला की खवळते आणि लाटा काठावर आपटू लागतात. विहिरीच्या पाण्यावर वारा कितीही वाहिला तरी अशी लाट उठत नाही. लाट वाढण्यास वाऱ्याला मोकळ्या पाण्याचे अंतर लागते; अंतर जितके मोठे, तितकी लाट मोठी. मग ज्याचा पलीकडचा काठ दृष्टीसही पडत नाही, त्या समुद्राची गोष्ट काय सांगावी!

अशा समुद्रावर एकट्या माणसाने, केवळ एका वल्ह्याच्या बळावर, चालवावयाची एक अरुंद होडी आहे. तिला कयाक म्हणतात. ग्रीनलंडसारख्या बर्फाळ प्रदेशात राहणाऱ्या इन्युइट लोकांनी ती फार प्राचीन काळी निर्माण केली. त्या प्रदेशात मोठी झाडे उगवत नाहीत. म्हणून समुद्रातून वाहत आलेली लाकडे व प्राण्यांची हाडे जोडून ते सांगाडा करीत आणि त्यावर सील प्राण्याचे कातडे ताणून बसवीत. ही होडी सुमारे पाच मीटर लांब आणि जेमतेम अर्धा मीटर रुंद असे. वरचा भाग बंद असून मध्यभागी माणसास कमरेपर्यंत बसता येईल एवढेच एक वर्तुळाकार छिद्र असे. वल्ह्याच्या दोन्ही टोकांना पाती असत, त्यामुळे डावीकडे व उजवीकडे आळीपाळीने पाणी मागे सारता येई. आज कयाक प्लॅस्टिकची किंवा काचतंतूंची करतात. पण तिचा मूळ घाट फारसा बदललेला नाही.

कयाक लहान व हलकी असल्यामुळे ती चालविणे सोपे आहे, असे पुष्कळांना वाटते. एका अर्थी ते खरेही आहे. स्थिर पाण्यात दहा-पंधरा मिनिटांत कोणालाही ती पुढे नेता येते. परंतु तळ्यात होडी पुढे नेणे निराळे आणि समुद्रावर जाऊन सुखरूप परत येणे निराळे. या दोहोंमध्ये अनेक पायऱ्या आहेत. अमेरिकेत १८८० साली स्थापन झालेल्या अमेरिकन कनू असोसिएशन या संस्थेने या शिक्षणाचे पाच टप्पे मानले आहेत. ब्रिटनमध्येही एक तारा, दोन तारे अशा क्रमाने पाच ताऱ्यांपर्यंत परीक्षा घेण्याची पद्धत अनेक वर्षे होती. तपशिलात फरक असला तरी शिकण्याचा क्रम सर्वत्र बहुधा सारखाच आहे. तो आपण पाहू.

पहिली पायरी ऐकून तुम्हांला नवल वाटेल. ती आहे बुडण्याची, म्हणजे होडी उलटल्यावर न घाबरता तिच्यातून बाहेर पडण्याची! नवशिक्याला शांत, उथळ पाण्यात नेतात. त्याला पोहता येत असले तरी अंगात जीवरक्षक जाकीट घालावयास लावतात. मग शिक्षक जवळ उभा राहतो आणि शिष्य मुद्दाम होडी उलटी करतो. डोके पाण्याखाली, पाय होडीत, अशा स्थितीत कमरेभोवतीचे पाणरोधक आच्छादन ओढून सोडवावयाचे आणि शांतपणे बाहेर यावयाचे. हे चार-पाच वेळा केले की मनातील भीती ओसरते. ज्याची भीती गेली नाही, तो होडी उलटू नये म्हणून अंग ताठ धरतो. आणि ताठरलेल्या माणसाची होडी सर्वांत आधी उलटते.

दुसरी पायरी वल्ह्याची. नवशिक्या केवळ दंडांच्या बळावर वल्हे ओढतो आणि अर्ध्या तासात थकून जातो. जाणता माणूस पाय टेकून कमरेपासून धड वळवितो, त्यामुळे सर्व अंगाचे बळ वल्ह्याला मिळते. सरळ जाणे, वळणे, थांबणे, मागे येणे, आणि होडी कलू लागताच वल्ह्याचे पाते पाण्यावर आडवे टेकून तोल सावरणे, ही सर्व वल्ह्याची अक्षरे होत. ती गिरविल्याखेरीज पुढचे वाक्य लिहिता येत नाही. याच पायरीवर सोबत्याला वाचविणेही शिकतात. एकाची होडी उलटली तर दुसऱ्याने तिच्यातील पाणी ओतून टाकावे, ती आपल्या होडीशी घट्ट धरावी आणि पाण्यातील मित्राला पुन्हा तीत चढू द्यावे.

तिसरी पायरी म्हणजे उलटलेली होडी आत बसल्या बसल्या पुन्हा सरळ करणे. इन्युइट शिकाऱ्याच्या दृष्टीने ही कला म्हणजे साक्षात प्राण होता. तेथील पाणी इतके थंड असे की त्यात पडलेला माणूस थोड्याच वेळात गारठून जाई. म्हणून तो आपल्या कातडी अंगरख्याची कड होडीच्या छिद्राभोवती घट्ट बांधी आणि होडी उलटली तरी बाहेर पडत नसे. वल्ह्याचा एक लांब फटकारा आणि कमरेचा एक हिसका यांनी तो क्षणार्धात पुन्हा वर येई. १९२७ साली ऑस्ट्रियातील हान्स पावलाटा याने या कलेची वर्णने वाचली आणि एका तळ्यात पुनःपुन्हा प्रयत्न करून ती आत्मसात केली. समुद्रावरील ही विद्या त्याने तळ्यात साधली, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

येथपर्यंतचे शिक्षण हातापायांचे झाले. चौथी पायरी डोळ्यांची व बुद्धीची आहे. येथे समुद्र वाचावयास शिकतात. कोकणच्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती व दोनदा ओहोटी येते. अमावास्या व पौर्णिमा यांच्या सुमारास पाण्याचा चढउतार सर्वांत मोठा असतो. त्यास उधाणाची भरती म्हणतात. अष्टमीच्या सुमारास तो कमी असतो. ती भांगाची भरती होय. खाडीच्या मुखाशी ओहोटीचे पाणी नदीसारखे बाहेर धावते. वाऱ्याचीही अशीच गोष्ट आहे. दिवसा समुद्रावरून जमिनीकडे खारे वारे वाहतात आणि रात्री जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात. पहाटेचा मतलई वारा मोठा फसवा असतो. किनाऱ्याजवळ लाटा उठवावयास त्याला पुरेसे अंतर मिळत नाही, म्हणून पाणी शांत दिसते. परंतु तोच वारा लहान होडीला हळूहळू किनाऱ्यापासून दूर लोटीत असतो.

हे नीट समजण्यासाठी एक हिशेब करू. समजा, एक जण स्थिर पाण्यात ताशी ६ किलोमीटर वेगाने कयाक चालवितो. प्रवाहाचा वेग ताशी ४ किलोमीटर आहे. प्रवाहाबरोबर जाताना त्याचा वेग ताशी १० किलोमीटर होईल आणि ६ किलोमीटर अंतर तो अवघ्या ३६ मिनिटांत तोडील. ‘आज माझे बाहू किती बळकट झाले आहेत!’ असे त्याला वाटेल. परंतु तो वळला आणि प्रवाह तसाच राहिला, तर त्याचा वेग ताशी केवळ २ किलोमीटर उरेल आणि तेच अंतर कापावयास पूर्ण ३ तास लागतील. जाताना जे बळ आपले वाटले, ते वस्तुतः पाण्याचे होते. हा हिशेब निघण्यापूर्वी जो मनात करतो, तो चौथ्या पायरीवर आला असे समजावे.

वाऱ्याचे मोजमापही असेच आधी करावे लागते. १८०५ साली फ्रान्सिस बोफर्ट या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने वाऱ्याच्या जोरासाठी ० ते १२ अशी श्रेणी तयार केली. तीनच्या वाऱ्यात, म्हणजे ताशी १२ ते १९ किलोमीटर वेगात, पाण्यावर तुरळक पांढरा फेस दिसू लागतो. चारच्या वाऱ्यात, म्हणजे ताशी २० ते २८ किलोमीटर वेगात, फेसाळ लाटा जागोजागी दिसतात. नवशिक्याने तीनच्या वाऱ्यातही काठ सोडू नये. चारच्या वाऱ्यात कुशल माणसालाही सावध राहावे लागते.

या पायऱ्या क्रमाने चढल्यास माणूस कोठवर जाऊ शकतो, याचे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. मुंबईच्या कौस्तुभ खाडे यांनी २०१५ साली कयाक वल्हवीत मुंबईहून गोव्यापर्यंतचा सुमारे ४०० किलोमीटरांचा प्रवास केला. त्यानंतरच, २०१६-१७ मध्ये, त्यांनी गुजरातपासून कन्याकुमारीपर्यंतच्या, सुमारे तीन हजार किलोमीटरांच्या प्रवासास हात घातला आणि तो पार पाडला. या मोहिमेत शांजली शाही यांनी सायकलवरून किनाऱ्याकिनाऱ्याने त्यांना साथ दिली. तीन हजार किलोमीटरांचे धाडस चारशे किलोमीटरांच्या अनुभवावर उभे होते. एकट्याने वल्हविलेल्या होडीमागेही जमिनीवर कोणीतरी जागे होते.

आता पाचवी व शेवटची पायरी. तेथे पोहोचलेल्या माणसावर इतरांची जबाबदारी असते. कोणास न्यावे, कोणास थांबवावे, कोणत्या क्षणी मागे फिरावे, हे त्याने ठरवावयाचे असते. या पायरीची कसोटी बाहूंची नसून विवेकाची आहे. कौशल्य असूनही ती किती कठोर असू शकते, हे जिनो वॉटकिन्स या तरुण इंग्रज संशोधकाच्या चरित्रावरून कळते. १९३०-३१ मध्ये त्याने ग्रीनलंडमध्ये एका मोहिमेचे नेतृत्व केले. तेथील शिकाऱ्यांपासून तो कयाक चालविण्यास शिकला, आणि उलटलेली होडी सरळ करण्याची कलाही त्याने साध्य केली. १९३२ च्या ऑगस्ट महिन्यात तो ग्रीनलंडमध्येच कयाक घेऊन एकटा शिकारीस गेला. पुढे त्याची होडी पाण्यावर सापडली. तो मात्र कधीच सापडला नाही. त्या वेळी त्याचे वय अवघे पंचवीस वर्षांचे होते. त्याच्या अंगी शौर्य होते, कलाही होती. परंतु त्या दिवशी हात देणारा सोबती जवळ नव्हता.

आपल्या कोकणातील कोळी बांधवांना ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. पावसाळा लागताच ते आपल्या होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेस समुद्राला नारळ अर्पण करून नव्या हंगामास आरंभ करतात. पिढीजात दर्यावर्दी असूनही ते खवळलेल्या समुद्राशी पैज लावीत नाहीत. त्यांना कोणी भित्रे म्हणत नाही.

मुलांनो, पहिल्या पायरीवर माणूस ‘मला येत नाही’ असे म्हणतो आणि मधल्या पायऱ्यांवर ‘मला येते’ असे म्हणू लागतो. धोका असतो तो याच पायऱ्यांवर. शेवटच्या पायरीवरील माणूस वाऱ्याकडे पाहतो, पाण्याकडे पाहतो, सोबत्यांकडे पाहतो आणि प्रसंगी शांतपणे म्हणतो, ‘मला येते; पण आज नको.’ हे तीन शब्द उच्चारावयास सर्वांत अधिक बळ लागते.

स्वाध्याय

१. विहिरीच्या पाण्यावर मोठी लाट का उठत नाही?
२. कयाकच्या शिक्षणात होडी उलटविण्यास प्रथम का शिकवितात?
३. मतलई वाऱ्यास फसवा का म्हटले आहे?
४. प्रवाहाचा वेग ताशी ३ किलोमीटर असेल, तर पाठातील नाविकास ९ किलोमीटर जाण्यास व परत येण्यास किती वेळ लागेल?
५. ‘मला येते, पण आज नको’ असे म्हणणे केव्हा शहाणपणाचे ठरते, ते स्वतःच्या पाहण्यातील एखाद्या उदाहरणाने स्पष्ट करा.