माधवराव शिंदे : संस्थानिक वारसा आणि संसदीय राजकारण

लाओसचे राजपुत्र सुफानुवोंग 1975 मध्ये राजेशाही संपविणाऱ्या क्रांतीतूनच राष्ट्राध्यक्ष झाले. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांना घराण्याशी असा विच्छेद करावा लागला नाही. मूळ कण्हेरखेडच्या (जि. सातारा) या घराण्याचे वारस असलेले माधवराव 1971 मध्ये जनसंघातर्फे गुणा येथून लोकसभेवर गेले. त्याच वर्षी 26 व्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांचे तनखे व मान्यता रद्द झाली. लोकांच्या तोंडचे ‘महाराज’ मात्र राहिले. 1977 मध्ये ते अपक्ष, तर 1980 मध्ये काँग्रेसतर्फे विजयी झाले. 1984 मध्ये ग्वाल्हेरला त्यांनी अटलबिहारी वाजपेयींचा पराभव केला.

तथापि 1996 ची निवडणूक अधिक बोलकी वाटते. काँग्रेसबाहेर पडून, ‘मध्य प्रदेश विकास काँग्रेस’ स्थापून त्यांनी ग्वाल्हेर राखले. गादीची पुण्याई मतदारसंघापुरती पुरली. राज्यव्यापी पक्ष उभारण्यास ती अपुरी ठरली. 1998 मध्ये ते पुन्हा काँग्रेसचेच उमेदवार होते.