खुकरीच्या किनाऱ्यावर

आमच्या खेड, दापोली, चिपळूणकडच्या कितीतरी घरांत भिंतीवर गणवेशातला एखादा फोटो असतोच. कुणी मराठा लाइट इन्फन्ट्रीत, कुणी महार रेजिमेंटमध्ये, तर कुणी नेव्हीत. फोटोतल्या माणसाच्या लढाईच्या गोष्टी घरात सगळ्यांना पाठ असतात. पण त्या दिवसांत मागे राहिलेल्या बाईचं काय झालं, ते फारसं कुणी विचारत नाही.

आमचे काका १९७१ च्या युद्धात नौदलाच्या पश्चिम ताफ्यातल्या एका जहाजावर होते. काकूचं लग्न त्याच वर्षी वैशाखात झालेलं. काका गेल्यावर तिने एकच इच्छा बोलून दाखवली, "ते होते तो दर्या एकदा बघायचाय." म्हणून आम्ही दोघी निघालो. खेडहून कोकण रेल्वेने मुंबई आणि तिथून दुसऱ्या गाडीने वेरावळ.

वेरावळचं बंदर बघून काकू खुशीत आली. लाकडी होड्या बांधणारे सुतार, सुकत घातलेली मासळी, टोपल्या घेऊन बसलेल्या बायका! "हे तर आपलं हर्णैच गो," म्हणाली. पुढे कोडिनार, उना करत एस.टी.ने घोघला. तिथला पूल ओलांडला की दीव. पोर्तुगिजांनी १५३५ पासून बांधलेला तिथला किल्ला मोठा देखणा आहे. १९ डिसेंबर १९६१ ला दीव मुक्त झालं. पण आम्हाला जायचं होतं ते चक्रतीर्थजवळच्या टेकाडावर.

तिथे समुद्राकडे तोंड करून काचेच्या पेटीत एका जहाजाची प्रतिकृती ठेवलेली आहे. ती आयएनएस खुकरीची. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवपासून सुमारे ४० सागरी मैलांवर पाकिस्तानच्या 'हंगोर' पाणबुडीने खुकरीवर पाणतीर सोडले. काही मिनिटांत जहाज बुडालं. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी आपलं जहाज सोडलं नाही. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. दुसऱ्या महायुद्धानंतर पाणबुडीने बुडवलेली ही पहिली युद्धनौका. पुढे हेच नाव घेतलेली दुसरी खुकरी निवृत्त झाल्यावर जानेवारी २०२२ मध्ये लोकांना पाहता यावी म्हणून दीवला देण्यात आली.

काकू काचेपाशी बराच वेळ उभी होती. मग कठड्यावर बसली आणि बोलू लागली.

"वाडीत एकच रेडिओ. संध्याकाळ झाली की सगळी तिथे जमायची. पोस्टमन दिसला की पोटात गोळा. तार तर आली नसेल ना? एक दिवस कुणीतरी येऊन सांगितलं, नेव्हीचं जहाज बुडालं. मी नुसती चुलीपुढे बसून राहिले. मग नाव कळलं, खुकरी. यांचं जहाज दुसरं. माझा जीव भांड्यात पडला बाय. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. रात्री मात्र झोप नाही. कुणाच्या तरी घरात आज रडारड असेल आणि आपण साखर वाटतोय! हे मी ह्यांनासुद्धा कधी बोलले नाही."

पन्नास वर्षांहून जास्त काळ ही सल तिने एकटीने बाळगली होती. काका त्या रात्रीबद्दल बोलत नसत, म्हणून तीही बोलली नाही. एकाच घरात दोघांनी एकच दुःख वेगवेगळं सांभाळलं.

खाली उतरून तिने खेडहून आणलेला नारळ पाण्यात सोडला. "काकांसाठी?" मी विचारलं.

"नाही गो. त्या बायकांसाठी. ज्यांना तार आली."

मैत्रिणींनो, युद्धस्मारकांवर सैनिकांची नावं कोरलेली असतात, तशी ती हवीतच. पण रेडिओपाशी कान लावून बसलेल्या, मनीऑर्डरीच्या पावतीवर अंगठा उमटवताना 'म्हणजे माणूस सुखरूप आहे' एवढंच समजून घेणाऱ्या बायकांची नोंद कुठे नाही. ७१ साली नव्या नवऱ्या असलेल्या त्या बायका आता सत्तरीपार आहेत. तुमच्या घरात, वाडीत अशी कुणी असेल तर निवांत वेळ काढून तिच्याजवळ बसा. नवऱ्याने काय केलं हे विचारून झालं असेलच. त्या डिसेंबरात तुम्ही काय करत होतात, एवढं तिला विचारा.