पाठदुखीवर रक्तदाबाच्या पट्ट्याचा उपयोग

जवाहरनगर हे आयुधनिर्माणीचे गाव. वसाहतीची हद्द ओलांडली की भंडारा जिल्ह्याची भातशेती लागते. रोवणीच्या दिवसांत बांधीतील चिखलात कमरेत वाकून दिवस काढणाऱ्या स्त्रियांना पाठदुखी हा आजार वाटतच नाही. तो त्या कामाचाच भाग समजतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली जगात सुमारे ६१.९ कोटी लोकांना कंबरदुखीचा त्रास होता. यातील बहुसंख्य रुग्णांच्या दुखण्याला हाडाचा वा मणक्याचा निश्चित विकार सापडत नाही. अशा वेळी व्यायाम हाच प्रमुख उपचार ठरतो.

पोटाच्या सर्वांत आतील थरात एक आडवा स्नायू कमरपट्ट्यासारखा वेढलेला असतो. निरोगी माणूस हात उचलतो तेव्हा हा स्नायू हाताच्या आधीच आकुंचन पावतो. कंबरदुखीच्या रुग्णांत त्याला विलंब होतो, असे ऑस्ट्रेलियातील पॉल हॉजेस व कॅरोलिन रिचर्डसन यांनी १९९६ मध्ये दाखविले. अडचण अशी की, हा स्नायू दिसत नाही आणि जाणवतही नाही. ‘पोट आत घ्या’ म्हटले की रुग्ण श्वासच रोखून धरतो! न जाणवणाऱ्या क्रियेची वार्ता काटा, दिवा वा आवाज यांच्याद्वारे रुग्णाला तत्काळ देणे, यालाच बायोफीडबॅक म्हणतात.

त्यासाठी स्नायूंतील विद्युत्‌संकेत मोजणारी महाग यंत्रे आहेत. परंतु हवेची पिशवी व दाबमापक एवढ्यावरही काम भागते, आणि या दोन्ही वस्तू रक्तदाब मोजण्याच्या उपकरणात असतातच. रुग्णाने गुडघे वाकवून उताणे निजावे. घडी केलेला पट्टा कमरेच्या पोकळीत ठेवून काटा ४० मिलिमीटरवर येईपर्यंत हवा भरावी. मग श्वास चालू ठेवून बेंबीखालचे पोट हलकेच आत ओढावे व दहा सेकंद धरावे. काटा स्थिर राहिला तर कृती बरोबर. तो बराच चढला तर कंबर जमिनीवर दाबली जात आहे; उतरला तर कमान वर उचलली जात आहे. रुग्णाने काटा स्वतः पाहावा, हेच महत्त्वाचे. अक्षरओळख नसलेल्यालाही काट्याची भाषा कळते.

मात्र अवास्तव अपेक्षा नको. अशा नियंत्रित व्यायामाचा लाभ इतर व्यायामांपेक्षा विशेष अधिक नसावा, असा निष्कर्ष २०१६ च्या कॉक्रेन आढाव्यात निघाला. तेव्हा पट्टा हे औषध नव्हे, शिकवणीचे साधन होय. कृती अंगवळणी पडली की तो बाजूला ठेवून चालणे, वाकणे, ओझे उचलणे याकडे वळावे. तसेच पायातील बळ कमी होणे, जांघेत बधिरपणा, लघवी-शौचावरील ताबा सुटणे, ताप किंवा पडल्यानंतरची वेदना असेल तर व्यायाम न देता रुग्णाला त्वरित डॉक्टरांकडे पाठवावे.

उपकेंद्रातील चालू उपकरण मात्र या कामी वापरू नये. अंगाच्या भाराने पट्ट्यातील पिशवी बिघडू शकते आणि पुढे रक्तदाबाचे आकडे चुकतात. चिकटपट्टी निकामी झाल्याने बाद ठरलेला पट्टा चालतो. हवा गळत नाही आणि रिकामा असताना काटा शून्यावर येतो, एवढी खात्री करून घ्यावी.