'कृपेला अंतरणं' म्हणजे नेमकं काय?

परवा कोल्हापुरात वायल्डर मेमोरियल चर्चवरून जाताना भाचीनं विचारलं, "मामा, आदाम ते फळ खाणार हे देवाला आधीच माहीत होतं ना? मग आदामाचा दोष काय?"

मला जुन्या मराठी ग्रंथांचा नाद. आधी आठवले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स. त्यांचं सुमारे ११ हजार ओव्यांचं मराठी 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोव्यात राचोलला छापलं गेलं. आदाम-हव्वेच्या पतनाची कथा त्यात ओव्यांतून येते.

भाचीच्या प्रश्नाला ख्रिस्ती धर्मशास्त्राचं एक जुनं उत्तर असं : ठाऊक असणं म्हणजे करायला लावणं नव्हे. आदामाची इच्छा मोकळी होती, म्हणून जबाबदारीही त्याचीच.

खरी चुरस पुढे आहे. देवाची मिळालेली कृपा माणूस गमावू शकतो का, म्हणजेच 'कृपेला अंतरू' शकतो का?

कॅथलिक म्हणतात, हो. गंभीर पापानं ती जाते, पश्चात्ताप आणि पापनिवेदनानं परत मिळते. प्रोटेस्टंट धर्मसुधारक कॅल्व्हिनच्या परंपरेत मात्र देवानं निवडलेला माणूस घसरला तरी कायमचा हातचा जात नाही.

ज्यांच्या नावानं ते चर्च आहे, ते मिशनरी रॉयल वायल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात आले. त्यांचं मिशन १८७० मध्ये अमेरिकन प्रेस्बिटेरियन मंडळाकडे गेलं, आणि प्रेस्बिटेरियन हे कॅल्व्हिनचेच वारसदार!

मला सगळ्यात भिडलेली गोष्ट वेगळीच. बायबलमधल्या गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात प्रेषित पौल कृपेला अंतरण्याबद्दल बोलतो, तेव्हा समोर चोर-लबाड नसतात. मोशेचं नियमशास्त्र पाळून स्वतःच्या बळावर नीतिमान ठरू पाहणारी माणसं असतात.

घरी जुनं मराठी बायबल असेल, तर गलतीकरांस पत्राचा पाचवा अध्याय उघडून बघा.