मधली सीट कुणाच्या वाट्याला?

उमराह करून आलेल्यांना मुबारकबाद द्यायला गेलो की जमजम, खजूर आणि हरम शरीफच्या गोष्टी यांतच वेळ जातो. जाता-येताच्या विमानाचे कोणी फारसे विचारत नाही. गेल्या काही महिन्यांत आम्ही मात्र मुद्दाम विचारू लागलो, की जागा कुठली मिळाली होती? खिडकीवाले उत्साहाने सांगतात, खाली समुद्र होता, मग वाळवंट, मग जेद्दाचे दिवे. आईलवाले, म्हणजे येण्याजाण्याच्या वाटेकडेला बसलेले, सांगतात की पाय मोकळे करता आले, फक्त जेवणाची गाडी दोनदा कोपराला लागली. तिघांच्या रांगेत मधे बसलेल्यांकडे सांगण्यासारखे काही नसते. "मधली होती," एवढे म्हणून ते विषय बदलतात.

एक चाची मात्र बोलल्या. वय सदुसष्ट, मधुमेह, गुडघे दुखरे. मुंबई ते जेद्दा या सुमारे साडेपाच तासांत त्या पाण्याचा घोटही प्यायल्या नाहीत. रोजा नव्हता. आईलच्या सीटवर कोणी अनोळखी गृहस्थ झोपले होते. त्यांना उठवायचे कसे, म्हणून बाथरूमला जायची वेळच येऊ नये अशी तजवीज त्यांनी करून ठेवली. खिडकीत नातू होता. मुलगा पुढच्या रांगेत, आईललाच. उतरताना पावलांना इतकी सूज, की चपला पायात जाईनात. "पण कुणाला तकलीफ दिली नाही हो," हे त्यांनी दोनदा सांगितले, आणि तेही समाधानाने.

या समाधानानेच आम्हाला हा लेख लिहायला भाग पाडले.

मधली सीट ही काही थोड्या दुर्दैवी लोकांची गोष्ट नाही. एअरबस ए३२० हे देशातल्या आणि आखाताकडच्या मार्गांवरचे ओळखीचे विमान. त्याच्या रांगेत तीन आणि तीन अशा सहा सीट असतात. १८६ सीटच्या विमानात ६२ जण मधले, म्हणजे भरलेल्या विमानातला प्रत्येक तिसरा माणूस. सीटची रुंदी सुमारे १८ इंच, बोइंग ७३७ मध्ये सुमारे १७. मोठ्या बोइंग ७७७ मध्ये पूर्वी बहुतेक कंपन्या एका रांगेत नऊ सीट बसवीत, आता अनेक जण दहा बसवतात. विमान तेवढेच राहिले, माणसांनी अंग चोरले. एअरबस ए२२० हे विमान मात्र जरा वेगळे. त्यात एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला तीन सीट असतात आणि तिघांतली मधली सीट शेजारच्या दोहोंपेक्षा अर्ध्या इंचाने रुंद, १९ इंचांची ठेवली आहे. ते आखणाऱ्यांपैकी कोणीतरी कधीतरी मधे बसून प्रवास केलेला असावा.

या सीटची चर्चा आपल्याकडे एकदा थेट सर्वोच्च न्यायालयात झाली आहे. कोरोनाच्या काळात, २५ मे २०२० रोजी, ईदुल फित्रच्या दिवशी, सुटी असूनही न्यायालयाने सुनावणी घेतली. परदेशात अडकलेल्यांना आणणाऱ्या विमानांत मधली सीट भरावी की रिकामी सोडावी, हा प्रश्न होता. आधी ठरलेल्या उड्डाणांपुरती, ६ जूनपर्यंत, मुभा मिळाली. पुढे मुंबई उच्च न्यायालयाने ती सीट भरायला परवानगी दिली. दरम्यान विमान वाहतूक महासंचालनालयाने १ जूनला कळवले होते, की शक्य तेथे मधली सीट रिकामी ठेवा आणि ठेवता आली नाही तर तिथल्या प्रवाशाला अंगभर झाकणारा गाऊन द्या. एका कुटुंबाची माणसे असतील तर शेजारी बसायला हरकत नव्हती. त्या काही आठवड्यांत का होईना, मधल्या माणसाचा विचार देशाने केला.

आपल्या दीनमध्ये शेजारी म्हणजे फक्त भिंतीला भिंत लागून राहणारा नव्हे. सूरह निसाच्या ३६ व्या आयतीत आईवडील, नातलग, अनाथ, गरजू, जवळचा शेजारी, लांबचा शेजारी अशी यादी येते आणि त्यातच 'साहिबे बिल-जंब' येतो, म्हणजे कुशीला असलेला सोबती. प्रवासात बरोबर असलेला माणूस, असा त्याचा अर्थ अनेक भाष्यकारांनी केला आहे. अठरा इंचांवर बसलेल्या माणसाइतका कुशीला असलेला दुसरा कोण असणार? सूरह मुजादलामध्ये बैठकीत दुसऱ्यासाठी जागा करून देण्याची शिकवण आहे. मुंबईच्या लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथा टेकायला आला की तिघेही सरकतात, कुरकुरत का होईना. विमानात खुर्ची सरकत नाही. तिथे जागा करून द्यायची ती कोपराने. तिघांच्या रांगेत आर्मरेस्ट चार असतात. खिडकीवाल्याला विमानाची भिंत आणि कडेचा एक आर्मरेस्ट, आईलवाल्याला त्याच्या कडेचा एक. मधले दोन मधल्याचे, असा रिवाज अनुभवी प्रवासी पाळतात. कायदा नाही, पण रास्त आहे.

आणखी एक हदीस या सीटला इतकी चपखल बसते, की आम्हाला ती प्रत्येक बोर्डिंग पासमागे छापावीशी वाटते. दोन माणसांच्या मधे त्यांच्या परवानगीशिवाय जाऊन बसू नये, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितल्याचे अबू दाऊद आणि तिरमिजी यांच्या संग्रहांत आहे. आता आपल्यातल्या काही नवरा-बायकोंची युक्ती पाहा. एक खिडकी घेतो, एक आईल घेते. मधली कोणी घेणार नाही, मग तिघांची रांग दोघांनाच, असा हिशेब. विमान भरले की तिथे एक तिसरा येतो. मग त्याच्या मांडीवरून बिर्याणीचा डबा इकडून तिकडे, पासपोर्ट तिकडून इकडे, आणि घरचे बोलणेही त्याच्या तोंडासमोरून. तो बिचारा दोघांच्या मधे न विचारता बसलेला नाही. त्याला दोघांनी मिळून बसवले आहे. अशा वेळी "आपण कडेला बसता का?" एवढे विचारले तर तो बहुधा दुवाच देईल. उलट, न विचारता दुसऱ्याच्या खिडकीत बसून राहायचे आणि तो आला की "बच्चा है, बसू द्या" म्हणायचे, हेही चालते आपल्यात. दुसऱ्याला त्याच्या जागेवरून उठवून तिथे बसण्याची बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत मनाई आहे. विनंती करावी, नकार आला तर हसून आपल्या जागी बसावे.

एकट्या प्रवास करणाऱ्या मुलींशी बोललो तेव्हा इंचांचा विषयच निघाला नाही. दोन अनोळखी पुरुषांच्या मधे बसल्यावर झोप लागत नाही, एवढे त्या सरळ सांगतात. "खांदे आवळून बसते मी, उतरले की मान दुखते," असे दुबईत नोकरी करणारी एक म्हणाली. एअर इंडियाने २०१७ मध्ये देशांतर्गत विमानांत एकट्या महिलांसाठी सहा सीट राखायला सुरुवात केली होती. इंडिगोने २०२४ मध्ये महिला प्रवाशाला सीट निवडताना कोणत्या सीटवर महिला आहेत ते दिसेल अशी सोय आणली. आपली मुलगी शिक्षणासाठी, नोकरीसाठी निघणार असेल तर तिकीट काढून देणाऱ्या भावाने वा वडिलांनी ही सोय आधी पाहावी. सीट निवडायला चार पैसे जास्त पडतात, तिथे काटकसर करू नये. तिला मधली मिळालीच तर केबिन क्रूला सांगून बदलून मागण्यात लाजण्यासारखे काही नाही.

आखातातून सुटीवर येणाऱ्या आपल्या कोकणातल्या तरुणांना ही चैन नसते. तिकीट कंपनी काढते किंवा एजंट काढतो. सीट मिळेल ती. महाड-चिपळूणकडचे कितीतरी जण पहिल्यांदा विमानात बसले ते मधेच बसले आणि ज्या समुद्रावरून गेले तो त्यांनी पाहिला नाही. येताना त्यांना त्याचे काही वाटत नाही. जाताना वाटते, असे एकाने सांगितले. डोळे भरून येतात आणि तोंड फिरवायला दोन्हीकडे माणूस असतो.

उमराहच्या प्रवासात मधल्या सीटवर आणखी एक अडचण येते. थेट जेद्दाला जाणारे मीकात हवेतच ओलांडतात. तशी घोषणा विमानात होते आणि कोणी कोणी तेव्हा एहरामच्या चादरी घेऊन बाथरूमकडे धावतात. मधल्याला एकाला उठवावे लागते, खिडकीवाल्याला दोघांना. चादरी घरून किंवा विमानतळावर नेसून घ्याव्यात आणि नियत व तल्बिया घोषणेच्या वेळी सीटवरच करावी. बहुतेक मार्गदर्शक हेच सुचवतात. आणि उजवा खांदा उघडा ठेवायचा तो तवाफच्या वेळी. कितीतरी हाजी घरातून निघाल्यापासून तसे बसतात. मधल्या सीटवर उघडा खांदा आणि उघडे कोपर शेजाऱ्याला लागत राहते, तेव्हा चादर दोन्ही खांद्यांवरून घ्यावी.

आता चाचींच्या सुजलेल्या पायांकडे येऊ. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये मांडलेल्या अभ्यासानुसार चार तास किंवा त्याहून जास्त वेळ हालचाल न करता प्रवास केला, की पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुपटीने वाढतो. विमानच असे नाही, बस किंवा रेल्वेतही तेच. निरोगी माणसाला तो धोका तसा थोडाच. पण वय, वजन, जुने आजार असलेल्यांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. बसल्या जागी घोटे फिरवावेत, अधूनमधून उठावे, पाणी प्यावे. हे सगळे चाचींना माहीत होते. डॉक्टरांनी सांगितलेही होते. त्यांना अडवले ते संकोचाने, आणि संकोच घरातून आलेला होता.

आपल्या घरांत सीट कशा वाटल्या जातात ते पाहा. अब्बांचे पाय लांब, त्यांना आईल. मुलाला खिडकी, नाहीतर तो रडेल. उरली मधली, ती अम्मीची. कोणी ठरवत नाही, तसे होते. दस्तरखानावर शेवटी बसणारी आणि गाडीत मागच्या सीटवर मधे बसणारी बाई विमानातही मधेच बसते आणि दोन्हीकडच्यांचे ट्रे, पांघरुणे, औषधे सांभाळते. आम्ही विचारले तेव्हा बहुतेक जणींनी "मला कुठेही चालते" असे उत्तर दिले. या उत्तरावर घरच्यांनी विश्वास ठेवू नये.

मुलांपुरता तरी आता नियम झाला आहे. एकाच तिकिटावर असलेल्या बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला आई, वडील किंवा पालक यांपैकी एकाच्या शेजारी जागा द्यावी, असे महासंचालनालयाने एप्रिल २०२४ मध्ये विमान कंपन्यांना सांगितले. वृद्ध आईसाठी तसा नियम नाही, तो घरीच करावा लागेल. ज्याला वारंवार उठावे लागते त्याला आईल, मग ती सून असो की सासू. गरोदर असेल तर तिला आधी. ज्याला विमानाची भीती वाटते त्याला दोन आपल्या माणसांच्या मधे. त्याच्यासाठी मधली सीट खरोखरच उत्तम. मुलगा पुढच्या रांगेत पडला असेल तर विमान आकाशात स्थिर झाल्यावर, पट्ट्याचा दिवा विझल्यावर त्याने मागे येऊन अम्मीशी जागा बदलावी. आईलला झोपलेल्या शेजाऱ्याला निघतानाच सांगून ठेवावे, "भाईसाहेब, अम्मींना मधुमेह आहे, एक-दोनदा उठावे लागेल." आजवर आम्ही ज्यांना विचारले त्यांतल्या एकालाही यावर नकार मिळालेला नाही. आणि नातवाला खिडकीच हवी असेल तर मधे आजोबांनी बसावे.