दाढ काढून टाकण्याआधी : रूट कॅनल म्हणजे नेमके काय?

दाढ ठणकू लागली की आपल्या वस्त्यांमध्ये उपचाराचा क्रम ठरलेला असतो. आधी लवंग धरायची, मग मेडिकलमधून गोळी आणायची, आणि तरीही ठणका थांबला नाही तर ‘काढून टाका एकदाची’. दंतवैद्याने ‘रूट कॅनल करून दाढ वाचेल’ असे सांगितले तरी खर्च आणि भीती यांमुळे अनेक जण काढण्याचाच मार्ग धरतात. दवाखान्यातून घरी आल्यावर लोक सल्ला विचारतात तो वस्तीतल्या शिकलेल्या पोरांना आणि कार्यकर्त्यांना. म्हणून हा उपचार आपल्याला नीट माहीत असला पाहिजे.

दात हे भरीव हाड नव्हे. वर इनॅमलचे कठीण कवच, त्याखाली डेंटिन आणि मध्ये नसा व रक्तवाहिन्यांचा मऊ गाभा असतो. हा गाभा मुळांतल्या बारीक नळ्यांमधून खाली जातो. त्या नळ्या म्हणजेच रूट कॅनल. गोड, चिकट अन्नापासून तोंडातले जिवाणू आम्ल तयार करतात आणि कवच पोखरले जाते. कीड वरच्या थरांत असते तोवर फिलिंगने भागते. ती गाभ्यापर्यंत पोचली की गाभा सुजतो, पण चारी बाजूंनी कठीण भिंती असल्याने सुजेला जागा मिळत नाही. म्हणून तो ठणका असह्य होतो आणि रात्री आडवे पडल्यावर आणखी वाढतो.

मग एखाद्या दिवशी दुखणे आपोआप थांबते. ‘बरे झाले’ असे वाटते, आणि इथेच खरी फसगत होते. गाभा मेलेला असतो, म्हणून कळ जात नाही. संसर्ग मात्र मुळाच्या टोकातून हाडात उतरत राहतो आणि तिथे पू धरतो. मेलेल्या गाभ्याला रक्तपुरवठा नसल्यामुळे अँटिबायोटिक गोळ्या आतपर्यंत पोचत नाहीत. सूज काही दिवस ओसरते आणि पुन्हा येते. जबड्याखाली सूज पसरली, ताप आला, तोंड उघडेना, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता मोठे रुग्णालय गाठावे. हे जिवावर बेतू शकते.

रूट कॅनलमध्ये दात बधिर करून वरून छिद्र पाडतात, सडलेला गाभा काढतात आणि बारीक फाइल्सनी नळ्या साफ करतात. जंतुनाशक द्रावणाने त्या धुतात आणि रबरासारख्या गुट्टापर्चाने बंद करतात. दाढेला बहुधा तीन-चार नळ्या असतात, त्यामुळे काम वेळखाऊ असते. कधी एका बैठकीत होते, कधी दोन-तीन लागतात. ‘फार दुखते’ ही ख्याती बहुतेक वेळा उपचाराआधीच्या ठणक्याची असते. तरीही सुजलेल्या दाढेला भूल कमी लागू शकते. दुखले तर हात वर करून सांगावे, डॉक्टर पुन्हा भूल देतात.

यानंतरची चूक आपल्याकडे सर्रास होते. ठणका गेला की लोक कॅप बसवायला जात नाहीत. पोखरलेल्या दाढेच्या भिंती आधीच पातळ झालेल्या असतात. सुपारी किंवा खर्रा चावताना ती उभी चिरली की मग काढावीच लागते आणि आधीचा पैसा, वेळ पाण्यात जातो. म्हणून खर्च विचारतानाच कॅपसकट विचारावा. हेही खरे की प्रत्येक दात वाचत नाही. मूळ उभे तडकले असेल किंवा दाताचा फारसा भागच उरला नसेल, तर काढणेच योग्य.

पैशांची अडचण असेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. मुंबईत महापालिकेचे नायर दंत महाविद्यालयही आहे. तिथे खासगी दवाखान्याच्या तुलनेत फारच कमी खर्च येतो. विद्यार्थी डॉक्टर प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. मात्र खेपा जास्त होतात, आणि रोजंदारीवरच्या माणसासाठी प्रत्येक खेप म्हणजे बुडालेली मजुरी. आमच्या मते शिबिरांनी नुसते टूथपेस्ट वाटण्यापेक्षा अशा पाच माणसांना सोबत नेऊन उपचार पूर्ण करवून घेतले तर ते मोठे काम ठरेल.

‘वरची दाढ काढली की नजर जाते’ हा समज अजून ऐकू येतो. डोळ्याची नस आणि दाताची नस वेगवेगळ्या आहेत. ऐकीव गोष्ट तपासल्याशिवाय स्वीकारू नका, हे कालाम सुत्त वाचणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. दातांची निगाही आपल्याला परकी नाही. विनयपिटकातील चुल्लवग्गात भगवान बुद्धांनी भिक्खूंना दातवणाची अनुज्ञा दिल्याची नोंद आहे, आणि त्याचे पाच फायदेही सांगितले आहेत. मशेरी मात्र दातवण नव्हे. ती भाजलेली तंबाखूच आहे.

दाढ काढायला सांगितले असेल तर एक्स-रे सोबत घेऊन दुसऱ्या दंतवैद्याला ‘ही वाचेल का?’ एवढे जरूर विचारावे. मधुमेह असेल किंवा रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल, तर ते खुर्चीत बसण्याआधीच सांगावे.